कचेरीतला शेजार



दिवसभर काम करून थकलेला माणूस संध्याकाळी घरी येतो, पायावर पाणी घेतो, आणि चहाचा कप हाती पडला की बोलू लागतो. तो काय बोलतो याकडे आपण कधी लक्ष दिले आहे काय? आज किती कागद लिहिले, किती पावत्या फाडल्या, हे तो सांगत नाही. साहेब काय म्हणाले, हेडक्लार्कने कोणाची बाजू उचलून धरली, काल लागलेला पोरगा आपल्या वर कसा जाऊन बसला, हेच त्याच्या तोंडी असते. कामाचा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. माणसांनी दिलेला शीण मात्र झोपच येऊ देत नाही.

याला हल्ली ताण म्हणतात. हान्स सेल्ये नावाच्या संशोधकाने १९३६ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून असे दाखविले की, संकट कोणतेही असो, शरीर त्याला एका ठराविक रीतीनेच तोंड देते, आणि ते फार दिवस चालले तर शरीर झिजते. पुढे हा शब्द दवाखान्यांतून कचेऱ्यांत आला. शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, वैद्य नव्हे. तेव्हा आपणांस उपाय सांगण्याचा आव मी आणणार नाही. मला आपल्या या परभणी जिल्ह्याकडे पाहावयाचे आहे. शे-सव्वाशे वर्षांत येथील कचेरीने धनी बदलले, भाषा बदलली, नाणे बदलले, अधिकाऱ्यांच्या पदव्या तर कित्येकदा बदलल्या. आणि प्रत्येक बदलाच्या वेळी शेजारी शेजारी बसणाऱ्या माणसांच्या नात्यांना पीळ पडला. त्या पिळाचा हा इतिहास आहे.

चाकरी म्हणजे काय हे ज्यांनी मालक म्हणून नव्हे तर चाकर म्हणून बोलून ठेविले, अशांत आपल्या गंगाखेडची जनाबाई अग्रभागी आहे. ती स्वतःला नामदेवाची दासी म्हणवी. तिच्या अभंगांत दळण आहे, कांडण आहे, पाणी भरणे आहे, गोवऱ्या वेचणे आहे; आणि या सगळ्यांत हात लावण्यासाठी येणारा विठ्ठल आहे. आपण याचा भक्तीच्या अंगाने विचार करतो, तो योग्यच आहे. परंतु जाते ज्यांनी ओढले आहे त्या आयाबायांना त्यातली दुसरी गोष्टही ठाऊक असेल. एकटीला जाते जड जाते. समोर दुसरी कोणी खुंट्याला हात लावणारी असली म्हणजे तेच दळण सरते. जनाबाईने देवाकडे चाकरीतून सुटका मागितली नाही असे नाही, पण आधी तिने मागितला तो जोडीदार. एवढे लक्षात ठेवून आपण राजदरबाराकडे वळू.

राज्य चालविणाऱ्यांनी चाकरांची जोडी कशी लावली? कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींच्या बखरीत किल्ल्यांची व्यवस्था सांगितली आहे. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तिघे अंमलदार, शिवाय कारखानीस. ते वेगवेगळ्या जातींचे ठेवलेले, आणि कोणा एकाच्या हाती सगळा कारभार दिलेला नाही. एक फितूर झाला तर दुसऱ्याने किल्ला राखावा, अशी ही योजना. राज्याच्या दृष्टीने ती अत्यंत शहाणपणाची होती. दगलबाजीने किल्ले जात असण्याच्या त्या काळात तिच्यावाचून चालले नसते. तथापि त्या सबनिसाच्या जागी स्वतःला घालून पाहा. पावसाळ्याचे चार महिने धुक्यात बुडालेला डोंगर, खाली उतरावयाची सोय नाही, आणि ज्याच्या पंक्तीला दोन वेळा बसावयाचे तो आपल्यावर नजर ठेवण्यासाठीच नेमलेला आहे हे दोघांनाही पक्के ठाऊक! माणसांतील परस्पर अविश्वास हा कारभाराचा दोष आहे असे आपण समजतो. अनेकदा तो कारभाराचा पायाच असतो. कोणी तरी विचारपूर्वक घातलेला.

गावगाड्यातही तेच. पाटलाच्या हाती अंमल, कुलकर्ण्याच्या हाती दप्तर. एकाला लिहिता येत नाही म्हणून दुसऱ्यावाचून चालत नाही, आणि दुसऱ्याला वसूल करता येत नाही म्हणून पहिल्यावाचून चालत नाही. परगण्याच्या पातळीवर देशमुख-देशपांड्यांची जोडी याच मासल्याची. आपल्या निजामी मुलखात तर पाटिलकीचेही दोन तुकडे होते: माली पाटील वसुलाचा, पोलीस पाटील बंदोबस्ताचा. वतन एकाच घराण्यातले असले की बहुधा दोन भाऊबंदांच्या घरी ही दोन कामे जात, आणि सरकारी कामाचा तंटा व बांधाचा तंटा यांत फरक उरत नसे. महाराष्ट्रात महसुली पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने गेले. त्या वतनांच्या भांडणांची दप्तरे पाहिली म्हणजे निम्म्याहून अधिक शाई मानपानावर खर्ची पडलेली दिसते. पोळ्याला बैल कोणाचा आधी, होळीची पोळी कोणाची आधी. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटते. पण ज्याला दुसरे काहीच वाढवून मिळण्याजोगे नाही, तो क्रमासाठीच भांडणार.

आता कचेरी. परभणीच्या कचेरीचा पाया घातला तो हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी. ते १८५३ साली दिवाण झाले आणि १८८३ साली वारले. त्यांच्यापूर्वी मुलूख इजाऱ्याने दिला जाई. इजारदार सरकारात ठरीव रक्कम भरी आणि रयतेकडून जमेल तितके काढी. सालारजंगांनी इजारे मोडले, पगारी नोकर नेमले, आणि १८६५ साली जिल्हाबंदी केली. परभणी हा त्या व्यवस्थेत औरंगाबाद सुभ्यातला जिल्हा. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम तालुकदार, तालुक्याला तहसीलदार, खाली पेशकार, गिरदावर, अहलकार. कागदाच्या गठ्ठ्याला मिसल म्हणावयाचे, तपासणीला मुआयना, बदलीला तबादला, आणि कामाचा ताबा देण्याघेण्याला जायजा. आमच्याकडचे वृद्ध हे शब्द कालपरवापर्यंत वापरीत होते, आणि त्यांतला मुआयना हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज नकळत खाली येई.

ही पायरीची उतरंड नीट पाहा. इजाऱ्याच्या काळी माणूस धनी तरी असे नाही तर धन्याचा खाजगी चाकर तरी. आता प्रथमच असे झाले की, एकाच छपराखाली, एकाच सरकारचा पगार खाणारी, पण एकमेकांच्या वर-खाली असलेली, आणि एकमेकांना स्वतः न निवडलेली दहा-वीस माणसे रोज भेटू लागली. वरच्याने खालच्याबद्दल लिहावयाचे आणि खालच्याला ते वाचावयास मिळावयाचे नाही. ‘साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये’ ही म्हण अशाच व्यवस्थेत शोभते.

नवी व्यवस्था चालविण्यासाठी नवी माणसे पाहिजे होती. सालारजंगांनी ती बाहेरून आणली, विशेषतः उत्तर हिंदुस्थानातून. सय्यद हुसेन बिलग्रामी, पुढे मोहसिन-उल-मुल्क ही पदवी मिळालेले मेहदी अली, विकार-उल-मुल्क झालेले मुश्ताक हुसेन ही त्यांतली मोठी नावे. ही मंडळी कर्तबगार होती यात शंका नाही. परंतु कर्तबगार पाहुणा घरच्यांना अधिकच खुपतो. राज्याची दप्तरे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी जुनी घराणी एकीकडे आणि इंग्रजी राज्यातला कायदेकानू पाठ करून आलेले हे नवे अंमलदार दुसरीकडे, असे दोन तट पडले. १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. कालपर्यंत ज्याची फारसी वाखाणली जात होती तो मुनशी एका हुकुमाने मागे पडला, आणि उत्तरेकडून आलेल्याची घरची बोली हीच दरबारची भाषा झाली. परभणीचा मराठी कारकून मात्र दोन्ही वेळा परकाच राहिला.

यातून ‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’ हे दोन शब्द जन्मास आले. मुलकी म्हणजे मुलखातला. सरकारी नोकरी मुलकी माणसालाच मिळावी, असे नियम होत गेले. १९१९ साली तर मुलकी कोण याची व्याख्याच फर्मानाने पक्की झाली. राज्यात जन्मलेला तो मुलकी. १५ वर्षे येथे कायम राहून, आता परत जाणार नाही असे प्रतिज्ञापत्र करून देणारा तो मुलकी. मुलकी माणसाची बायको तीही मुलकी. पंक्तीला बसलेल्या सोबत्याकडे, हा खरा मुलकी की दाखल्याचा मुलकी, अशा नजरेने पाहण्याची सवय त्या वेळेपासून लागली. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले आणि त्याचे पदवीधर नोकऱ्यांच्या रांगेत आले तेव्हा ही तेढ आणखी वाढली. १९३५ च्या सुमारास ‘हैदराबाद हैदराबादकरांसाठी’ असे म्हणणारी मुलकी चळवळ उभी राहिली. मराठी भाषिकांची गाऱ्हाणी याहून निराळी होती. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परतूर त्या वेळी आपल्याच जिल्ह्यात होते. शाळेत व कचेरीत आपल्या भाषेला स्थान नाही, ही त्या काळच्या मराठी माणसाची मोठी व्यथा होती. पेशकारापुढे उभे राहून परक्या भाषेत आर्जव करणे म्हणजे काय हे ज्याने केले नाही त्याला सांगून समजावयाचे नाही.

येथे कोणी म्हणेल की, हे सगळे परक्या अंमलाचे आणि संस्थानी कारभाराचे दोष. ध्येयवादी माणसे स्वतः होऊन एकत्र आली तर असे होणार नाही. अशा श्रोत्याला मी थोडा वेळ पुण्याला नेतो. ज्या १८८०-९० च्या दशकात हैदराबादेत हा मुलकी-गैरमुलकी वाद शिजत होता, त्याच दशकात पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल, डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि फर्ग्युसन कॉलेज उभी राहिली. टिळक आणि आगरकर हे कॉलेजातले मित्र. दोघांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पोटापुरते वेतन घेऊन शिकवावयाचे, हे दोघांचे व्रत. तेथे कोणी वरून लादलेला साहेब नव्हता. तरीही १८९० च्या अखेरीस टिळक सोसायटीतून बाहेर पडले. समाजसुधारणेचा मतभेद आपण सगळे जाणतो. पण राजीनाम्यापर्यंत गोष्ट आली ती आजीव सभासदांनी बाहेरची कामे करावी की नाही, बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, अशा अगदी कचेरीतल्या प्रश्नांवरून. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, हे शेवटचे निमित्त. टिळकांनी राजीनाम्यासोबत जे निवेदन लिहिले ते चांगले लांबलचक आहे, आणि त्यात वर्षानुवर्षांच्या बैठकी, ठराव, कोण कधी काय म्हणाले, याचा हिशेब आहे. आगरकर १८९५ साली वारले तेव्हा ‘केसरी’त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. डोंगरीच्या कोठडीत टिकलेले मैत्र शिक्षकांच्या बैठकीत टिकले नाही, हे महाराष्ट्राच्या इतिहासातले मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते. तुरुंगात निदान कामाची वाटणी दुसरा कोणी तरी करतो.

असो. परत परभणीला येऊ.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य निजामी हद्दीत शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. मराठवाड्याच्या स्मृतीत हा मुक्तीचा दिवस आहे, आणि तो तसाच राहावा. परंतु मी कचेरीविषयी बोलत आहे, म्हणून कचेरीत काय झाले तेही सांगितले पाहिजे. जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी राज्यपाल झाले. मुंबई इलाख्यातून आलेले बखले मुख्य नागरी प्रशासक झाले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांवर मुंबई, मध्यप्रांत व मद्रास येथून अधिकारी धाडण्यात आले. रझाकारांच्या जुलमात ज्यांचे हात होते त्यांना जाणे भागच होते. पण त्यांच्याबरोबर, ज्यांच्यावर एवढाच आक्षेप होता की ते जुन्या सरकारचे मुसलमान नोकर आहेत, असेही अनेक जण नोकरीतून गेले. काही सीमेपलीकडे गेले, काही घरी बसले. त्या दिवसांत मराठवाड्यातल्या खेड्यांतून मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले ते केंद्र सरकारने पाठविलेल्या सुंदरलाल समितीने लिहून ठेविले आहे. कचेरीत याचा अर्थ असा की, ज्याच्या शेजारी दहा वर्षे बसून मिसली लिहिल्या, ज्याने उर्दूची वळणे शिकविली, त्याची बैठक एके सकाळी रिकामी दिसली, आणि काही दिवसांनी आपल्यालाच तेथे बसण्याचा हुकूम आला. बढतीचा आनंद आणि ती लाज एकाच माणसाच्या पोटात कशी राहिली असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

आणि आलेले अधिकारी? त्यांची अडचण निराळी. दप्तर सगळे उर्दूत, साल फसली, पगार आणि हिशेब हाली शिक्क्यात. हाली सात रुपये म्हणजे कलदार सहा, असा साधारण भाव. नागपूरकडून आलेल्या अधिकाऱ्याला मिसल वाचता येईना. ती त्याला वाचून दाखवावयाची कोणी, तर अहलकाराने. म्हणजे सही वरच्याची आणि डोळे खालच्याचे. अहलकाराने एखादी ओळ गाळली तर साहेबाला कळणार नाही, हे दोघेही जाणून होते. सभासदाच्या किल्ल्यावरची ती जुनी जोडी येथे कोणीही योजना न करता पुन्हा तयार झाली.

बाहेरच्यांविषयीची कुरकुर १९५२ साली रस्त्यावर आली. वरंगळला शाळाखात्यातल्या बदल्यांच्या तक्रारीवरून ठिणगी पडली. बाहेरच्यांनी खोटे मुलकी दाखले मिळविले, ते परत जावेत, अशी मागणी करीत विद्यार्थी पुढे झाले, आणि ३ व ४ सप्टेंबरला हैदराबाद शहरात गोळीबार होऊन माणसे मेली. बदलीच्या एका यादीपासून गोळीबारापर्यंत अंतर किती थोडे असते, हे त्या वर्षी दिसले. मुलकी नियमांचा तंटा पुढेही सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला आणि १९७३ साली कायदा करून ते नियम रद्द करावे लागले.

आता मी अशा प्रकरणाकडे येतो, की ज्यासाठी आज हा विषय घेतला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबादपासून सुटून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. सभांतून हारतुरे झाले, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत एक साधा प्रश्न उभा राहिला: कोण कोणाच्या वर? मुंबईकडचा मामलेदार, नागपूरकडचा तहसीलदार, हैदराबादचा तहसीलदार, राजकोटकडचा आणखी कोणी. यांची एक रांग लावावयाची कशी? राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने असे अभय दिले होते की, केंद्र सरकारची आधी मंजुरी घेतल्यावाचून कोणाच्याही सेवेच्या शर्ती त्याच्या तोट्याच्या होतील अशा बदलू नयेत. १९५६ च्या मे महिन्यात मुख्य सचिवांच्या परिषदेत पदांची तुलना करण्याची चार गमके ठरली: कामाचे स्वरूप, अधिकार व मुलखाचा विस्तार, नेमणुकीसाठी लागणारी पात्रता, आणि सर्वांत शेवटी पगार. १९५७ साली मुंबई सरकारने वाटून आलेल्या नोकरांच्या सामावणुकीचे, ज्येष्ठतेचे व वेतनाचे नियम केले. कागदावर हे सगळे न्यायाचे आहे. पण ज्येष्ठतेची यादी ही मोठी विचित्र वस्तू आहे. तिच्यात एकाचे नाव वर सरकले की दुसऱ्याचे खाली सरकलेच पाहिजे. पगार दोघांचाही वाढू शकतो. क्रम दोघांचाही वाढू शकत नाही. मानाच्या पोळीचा तंटा आता सायक्लोस्टाइल केलेल्या कागदावर आला.

त्यातच नावे बदलत होती. राज्याच्या भाषा संचालनालयाने १९६२ साली पदनाम कोश काढला, मराठी राजभाषेचा कायदा १९६४ चा. अव्वल तालुकदाराचा कलेक्टर झाला होता, कलेक्टराचा जिल्हाधिकारी झाला. गंमत अशी की, मामलेदार आणि तहसीलदार या झटापटीत आमचा तहसीलदार जिंकला. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने सबंध महाराष्ट्रासाठी तोच शब्द घेतला. शब्द जिंकला, माणसांचे काय झाले ते पुढे पाहा. त्याच १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि लोकांनी निवडलेला अध्यक्ष व सरकारने धाडलेला अधिकारी अशी आणखी एक जोडी जन्मली. तिच्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल. मी तिकडे वळत नाही.

हैदराबादेतून आलेल्या तहसीलदारांचे गाऱ्हाणे असे. उपजिल्हाधिकाऱ्याचे पद सगळ्या राज्याचे एक. पण त्या पदावर बढतीसाठी तहसीलदारांच्या याद्या मात्र विभागवार. म्हणजे औरंगाबाद विभागातला जुना तहसीलदार आपल्या विभागात जागा निघेपर्यंत थांबे, आणि दुसऱ्या विभागातला त्याच्याहून कनिष्ठ माणूस तेथे जागा निघाली म्हणून वर जाई. पुढे हाच कनिष्ठ माणूस बदलून मराठवाड्यात आला, तर काल ज्याला ‘आपण’ म्हणावयाचे त्याला ‘तुम्ही’ म्हणण्याचा अधिकार घेऊनच येई. कोणी कोणाचा वैरी नव्हता. बढती मिळालेल्याने काही लबाडी केलेली नव्हती. तरीही या दोघांनी एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून वर्षानुवर्षे काम करावयाचे होते.

काही तहसीलदार अखेर सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल नोव्हेंबर १९७३ मध्ये झाला. बढतीची संधी कमी होणे म्हणजे सेवेच्या शर्ती बदलणे नव्हे, हे न्यायालयाने मान्य केले. तेवढ्यापुरती ११५ व्या कलमाची ढाल उपयोगी पडली नाही. तुम्ही फार उशिरा आलात, हा सरकारचा आक्षेप मात्र त्याने उचलून धरला नाही. आणि विभागवार याद्यांनी बढती देण्याची पद्धत ही संधीच्या समानतेच्या, म्हणजे घटनेच्या १६ व्या कलमाच्या, विरुद्ध आहे असे ठरविले. १९५६ ते १९७३ ही १७ वर्षे होतात. त्या १ नोव्हेंबरला जो चाळीस वर्षांचा होता तो निकालाच्या दिवशी सत्तावन्न वर्षांचा होता, आणि सरकारी नोकर अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी जातो.

अशा १७ वर्षांनी माणसाचे काय होते याचा अंदाज विलायतेतल्या एका पाहणीवरून करता येतो. १९६७ पासून लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सुमारे १८ हजार पुरुष सरकारी नोकरांची प्रकृती डॉक्टरांनी वर्षानुवर्षे तपासली. हृदयविकार हा मोठ्या जबाबदारीच्या साहेबांचा रोग, असा तोवर सर्वत्र समज होता. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले ते उलटेच: सर्वांत खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे निरोपे व दरवान यांच्या वर्गातल्या माणसांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त. आणि ते पायरीपायरीने चढत जाणारे. तळाशी एकदम उडी नव्हे. यांपैकी कोणी उपाशी नव्हता, कोणी उन्हात राबत नव्हता. विडीकाडी आणि रक्तदाब यांचा हिशेब केला तरी फरक बराच शिल्लक राही. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत १०,३०८ स्त्री-पुरुष होते, आणि त्यात असे दिसले की, आपल्या कामावर आपला स्वतःचा ताबा किती, आणि वरिष्ठ आपल्याशी न्यायाने वागतो की नाही, या गोष्टी माणसाच्या काळजापर्यंत पोहोचतात. काळजाला लागले असे आपण म्हणतो, ते केवळ अलंकारिक नव्हते तर!

एक गोष्ट मघाशी अर्धवट राहिली. वरच्याने खालच्याबद्दल लिहावयाचे आणि खालच्याला ते वाचावयास मिळावयाचे नाही, ही सालारजंगी कचेरीइतकीच इंग्रजी कचेरीचीही रीत. गोपनीय अहवाल या नावाने ती स्वराज्यातही चालली. शेरा अगदीच वाईट असला तरच तो नोकराला कळविण्याची प्रथा होती. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका अभियंत्याचे प्रकरण आले. त्याचा शेरा ‘चांगला’ असा होता. बढतीसाठी ‘फार चांगला’ पाहिजे होता. ‘चांगला’ म्हणजे वाईट नव्हे, म्हणून त्याला कोणी सांगितलेच नाही, आणि तो मागे राहिला. न्यायालयाने म्हटले की, प्रत्येक शेरा, चांगला असो की वाईट, ज्याचा त्याला कळविला पाहिजे. बदल्यांनाही महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने काही वेसण घातली. साधारणपणे तीन वर्षांची मुदत ठरली. ती वेसण किती सैल आहे हे या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांना माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे.

माझे एक वडीलधारे नातलग एका तालुक्याच्या कचेरीत होते. निजामीत लागले, महाराष्ट्रात निवृत्त झाले. घरात ते कधी रागावल्याचे मला आठवत नाही. पण जेवताना कोणी विशिष्ट एका सोबत्याचे नाव काढले की ते पाण्याचा तांब्या उचलून उठत. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. तीत एक कोट होता, उर्दू चौथीचे पुस्तक होते, आणि घडीवर फाटलेली, सायक्लोस्टाइल केलेली एक ज्येष्ठता यादी होती. तिच्यातल्या बऱ्याच नावांपुढे पेन्सिलीने बारीक खुणा होत्या. पहिल्यांदा आम्हांला वाटले, बढती मिळालेल्यांच्या त्या खुणा असाव्या. नंतर नातलगांतल्या एका म्हाताऱ्याने चष्मा लावून पाहिले आणि सांगितले की, त्या मेलेल्यांच्या आहेत. ज्या सोबत्याच्या नावाने ते पंक्तीवरून उठत, त्याच्या नावापुढेही खूण होती, आणि तिच्या शेजारी उर्दूत तारीख घातलेली होती. इतर कोणाच्याही नावापुढे तारीख नव्हती.